डाळिंबाचे फुटवे

राखेवर वाढलेलं गवत शेजारच्या गवतापेक्षा गडद असतं. चूल विझून किती का वर्षं होईनात.

रोपवाटिकेवाल्याचा हात स्वस्थ बसत नाही. परक्याच्या लग्नाला गेला तरी तो हॉलच्या दाराशी ठेवलेल्या कुंडीतली वाळकी पानं खुडतो आणि खिशात घालतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीला विचारलं, "येताना काय आणू?" तर ती म्हणते, "खालून थोडी माती."

लिलीचा कंद दरवर्षी स्वतःला आणखी थोडा खाली ओढून घेतो. त्याला कोणी सांगत नाही.

शहराबाहेरच्या नव्या रस्त्याची खडी निळसर आहे.

वारा ओळीत पेरत नाही. पाखरूही नाही. ओळ दिसली की समजायचं, इथे कोणीतरी वाकलं होतं.

"काय मग ताई, सापडलं की नाही घर?"

धाकटा टेम्पोला टेकून उभा होता. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाचा भाव.  ताई डाळिंबाच्या बुंध्याशी उकिडवी बसली होती आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापत चालल्या होत्या. तिचा राग आधी कानांत यायचा, मग तोंडात.

झाड देखणं होतं. सरळ एक खोड, वर गोल डेरा, दोन-चार फुलंही. त्याच्या पुढ्यात रस्त्याच्या बाजूला लिलीची ओळ. मागे लिंबू. सपाट जागा, टेकडीच्या अगदी पायथ्याशी, गाडी दारापर्यंत येईल अशी. इथे घर होतं यात शंकाच नव्हती. कुणाचं होतं, एवढाच काय तो प्रश्न.

ताई आठ-नऊ वर्षांची होती आणि धाकटा आईच्या कडेवर होता, तेव्हा ही टेकडी रिकामी करायला सांगितली होती. तोफांच्या सरावासाठी जागा हवी होती. घरं पाडली, दगड वाहून नेले, भोवती तारेचं कुंपण आलं. आता ते कुंपण निघालं होतं आणि वरून ठरलं होतं की ज्याचं घर जिथे होतं त्याला ती जागा परत द्यायची. हे ऐकून लोक शहरातल्या खोल्यांमधून टेकडीवर धावत आले आणि भांबावून उभे राहिले. एकसुद्धा भिंत नव्हती. जो तो हात लांब करून म्हणत होता, "इथेच कुठेतरी."

मोजणी खात्याला 'इथेच कुठेतरी' चालत नाही. त्यांनी मॅडमना बोलावलं. मॅडम झाडांच्या अभ्यासक, आणि त्यांच्या हाताखाली यंत्र घेऊन फिरणारी मोजणीदार म्हणून ताई. झाडं कशी वाचायची हे मॅडमनीच तिला शिकवलं. "पहिलं झाड पाखरानं आणलं असेल. दुसरं असंच आलं असेल. तिसरं दिसलं की दार वाजवून आत जायचं." जमिनीवर खूण असेल तर जागा मिळायची. खूण नाही, तर घर नव्हतंच.

ते काम सोपं गेलं, कारण टेकडीवर घरांना नंबर नव्हते, झाडं होती. अंजीरवाल्यांकडे जा, तुतीवाल्यांना विचार, असं चालायचं. ताईचं घर डाळिंबवाल्यांचं.

"कुठून आणलंस हे?" ताईने विचारलं.

"काय कुठून आणलंस? आईचं झाड आहे. अख्ख्या टेकडीला माहितीय, आपण डाळिंबवाले."

"धाकट्या, मी काय विचारतेय?"

"आणि मी काय सांगतोय? डाळिंब झालं, लिली झाली, ते बघ लिंबू. तिसरं दिसलं की काय करायचं असतं? दार वाजव ना. वाजव."

मॅडमचं ते वाक्य त्याला जेवणाच्या टेबलावर ऐकायला मिळालं होतं. ताई रोज घरी येऊन उत्साहाने सांगायची आणि तो मान खाली घालून, घास चावत, एकेक गोष्ट मनात ठेवायचा.

"फुटवे कुठायत?"

"अं?"

"डाळिंबाच्या बुडाशी फुटवे येतात. येतात म्हणजे माजतात. दोन वर्षं हात लावला नाही तर खोड शोधावं लागतं. आपण गेल्यापासून या झाडाला कुणी हात लावला नाही म्हणतोस ना? मग हे असं एका खोडावर उभं कसं? न्हाव्याकडून आल्यासारखं?"

धाकट्याने खाली पाहिलं. त्याने मेहनत कमी केली नव्हती. स्वतःच्या रोपवाटिकेतलं सगळ्यात म्हातारं झाड निवडलं होतं. मुळांवरची काळी माती पाइपने धुऊन काढली होती, इथली तांबडी माती भरली होती. खोडाला शेवाळ चोळलं होतं, आळ्यात वाळका पाला पसरला होता. सगळं केलं होतं. आणि मग, निघता निघता, सवयीने, खिशातली कात्री काढून बुडाशी आलेले कोवळे फुटवे साफ छाटून टाकले होते. हाताला राहवलं नव्हतं.

"च्यायला," तो म्हणाला, आणि हसला.

ते हसणं ताईला सहन झालं नाही.

"हसतोस? लाज वाटते का? ही जागा कुणाची आहे?"

"मला काय माहीत. मी कडेवर होतो."

"कुणाची आहे?"

"...शिलाईकाकूंची."

"तुती कुठंय त्यांची?"

"वाळत आली होती ती."

"तुती कुठंय, धाकट्या?"

"काढली."

"कशानं?"

"मशीननं. कशानं काढणार, चमच्यानं?"

ताई उठली. लिलीच्या ओळीपाशी गेली आणि पहिला कंद तिने दोन बोटांनी उपटला. तो लगेच वर आला, मुळ्याच्या जुडीतल्या मुळ्यासारखा. दुसराही. जुन्या घराचे कंद काढायला कुदळ लागते, एवढे ते खोल गेलेले असतात, आणि एकमेकांना चिकटून त्यांचा गड्डा झालेला असतो. हे सगळे एका वितीवर एक, दोरी लावून लावलेले. तिने एकेक उपटून टेम्पोच्या काचेवर भिरकावला.

"ए! ए बाई! काच!"

"तू काकूंचं घर पुसलंस."

"काकू मुलीकडे राहतात. मुलगी तळमजल्यावर राहते. पुढे अंगण आहे, मागे परस आहे. आणि आई कुठे राहते? जिना चढून दम लागतो तुला, तुझं वय काय, तिचं काय? तिचे गुडघे बघितलेस? इथे गाडीतून उतरली की थेट घरात. एक पायरी नाही, ताई. एक."

"म्हणून दुसरीच्या—"

"बरं. मग आपली जागा दाखव. चल, तू शिकलीयस ना? चल, डाळिंबाचं घर दाखव मला. मी तर बघितलंही नाही ते."

दोघांनीही वर पाहिलं, कारण न पाहणं अवघड होतं. टेकडीचा डावा खांदा नव्हता. कुंपण उभं असताना, आत कुणालाही पाऊल टाकायची बंदी असताना, तो खांदा एका खाणवाल्याला दिला गेला होता. त्याने आधी माती नेली, मग दगड, मग दगडाखालचा दगड. आता तिथे एक निळा खड्डा होता, आणि शहराबाहेरचा नवा रस्ता त्या खड्ड्यातून आला होता. डाळिंबवाल्यांचं घर रोज गाड्यांखाली होतं.

ताईने मॅडमना विचारलं होतं, ज्यांची घरं खाणीत गेली त्यांचं काय. मॅडमनी वर विचारलं. वरून उत्तर आलं की जमिनीवर खूण नाही. ताईने त्या दिवशी ऑफिसातल्या खुर्चीला लाथ घातली. खुर्चीचा काही दोष नव्हता. मॅडमनी खुर्ची उचलून जागेवर ठेवली आणि म्हणाल्या, "माझ्या वाटचीही एक घाला."

*

आईच्या खोलीला एकच खिडकी. खिडकीत तेलाचे चौकोनी डबे, डब्यांत सदाफुली, पुदिना आणि एक नुसत्याच मातीचा डबा. त्या मातीत काही लावलेलं नव्हतं. आई अधूनमधून तिच्यात बोटं घालून बसायची. खुर्ची खिडकीला लावलेली, गुडघ्यांवर शाल.

मुलांनी ठरवून टाकलं होतं की खाणीचं आईला सांगायचं नाही. हे त्यांचं एकमत झालेली बहुधा शेवटची गोष्ट.

"आलीस का? कान लाल आहेत," आई म्हणाली. "कुणाशी भांडलीस?"

"उन्हानं."

"धाकटा सांगून गेला सकाळी. घर सापडलं म्हणे."

ताईने पाण्याचा ग्लास भरला, प्यायली, पुन्हा भरला.

"डाळिंब आहे म्हणाला," आई म्हणाली.

"आहे."

"फुलावर आहे म्हणाला."

"आहे."

"आणि मागचं अंजीर?"

ताईने ग्लास खाली ठेवला. जिन्यावर धाकट्याच्या चपला वाजल्या आणि तो पिशवी घेऊन आत आला.

"हिला विचारत होते," आई त्याला म्हणाली, "अंजीर आहे का रे? मोरीच्या मागे, सांडपाण्यावर वाढलेलं. तुला आठवायचं नाही."

धाकट्याने ताईकडे पाहिलं. ताईने पाहिलं नाही.

"अंजीर... तेवढं नाही दिसलं," तो म्हणाला. "गेलं असेल."

"अंजीर जात नाही. कापलं तरी येतं." आईने सदाफुलीचं एक पान उलटून पाहिलं. "लिली कुठल्या अंगाला आहे?"

"पुढे. रस्त्याकडे."

"रस्त्याकडे," आई म्हणाली. "बरं. तपासायला कधी येणार तुझ्या मॅडम?"

"परवा," ताई म्हणाली.

"मला न्या."

"आई, जिना—"

"खुर्चीसकट न्या. मेल्यावर नेणारच आहात, तेव्हा कुणी म्हणेल का जिना आहे?"

*

जिन्यातलं बोलणं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, आवाज दाबून.

"परवा तू तोंड उघडणार आहेस का?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तू बहीण आहेस."

"मी मोजणीला आहे."

"ती याच खोलीत मरेल, ताई. त्या मातीच्या डब्यात बोटं घालून. मग तू तिथे उभी राहा आणि सांग तिला की मी खरं बोलले. ती टाळ्या वाजवेल."

"आणि काकू?"

"काकू, काकू! काकूंना घर आहे!"

"तेच म्हणाले होते ना आपल्याला? शहरात खोल्या दिल्यात की. घर आहे की तुम्हाला."

 धाकटा म्हणाला, "तुला नुसता राग येतो. रागानं काय होतं? सांग. एक वीट उभी राहते?"

"आणि तुला? तुला येतच नाही. खाणवाल्याच्या ऑफिसपुढे ती पामची झाडं कुणी पुरवली?"

"पोट आहे मला."

"आपल्याच स्वयंपाकघराच्या दारात कुंड्या मांडून आलास."

त्याने हात उचलला. तो तिच्यावर उचलला नव्हता, पण उचललेल्या हाताचं काय करावं हे त्याला कळेना. शेवटी त्याने कठड्यावर ठेवलेल्या शेजाऱ्यांच्या मनीप्लांटचं एक पिवळं पान खुडलं, खिशात घातलं आणि खाली निघून गेला.

*

परवा.

आईला खुर्चीसकट उतरवलं. पुढून धाकटा, मागून ताई. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळे खुर्ची वळणावर दोनदा भिंतीला घासली. "सोफा नेताय का रे?" आईने विचारलं. टेम्पोत तिला पुढे बसवलं. नव्या रस्त्यावरून जाताना तिने काच खाली केली आणि पूर्ण वेळ बाहेर मान काढून खालच्या खडीकडे बघत राहिली.

टेकडीच्या पायथ्याशी शिलाईकाकू आधीच आल्या होत्या. छत्री जमिनीत रोवून, तिच्यावर दोन्ही हात ठेवून. साऱ्या टेकडीचे कपडे त्यांनी शिवलेले. कुणाची कंबर किती वाढली हे त्यांना नवऱ्यांच्या आधी कळायचं. आज त्या डाळिंबाकडे बघत उभ्या होत्या, एखादा पाहुणा न विचारता पलंगावर झोपलेला दिसावा तशा.

"काय गं डाळिंबे," आईला खाली उतरवल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या दारात तुझं झाड? भाड्यानं घेतलीस का जागा?"

"आज्जी, जरा थांबा," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी डाळिंबाभोवती एक फेरी मारली. बुंध्याशी वाकल्या. फुटवे छाटल्याच्या जागी खोडावर बारीक गोल डाग होते, अजून पांढरे. मॅडमनी अंगठ्याने एका डागावरची माती पुसली, आणि पुन्हा लावली. मग हात झटकत उभ्या राहिल्या आणि ताईकडे बघून साध्या आवाजात म्हणाल्या, "तुमचं काय मत?"

त्यांनी पाहिलं होतं. ताईला ते कळलं. त्यांनी न पाहिल्यासारखं करायचीही तयारी ठेवली होती, आणि हे ओझं त्या ताईच्या ओंजळीत टाकून मोकळ्या झाल्या होत्या. ताईला त्या क्षणी मॅडमचासुद्धा राग आला. धाकट्याचा होताच. खाणवाल्याचा, वरच्यांचा, त्या मूर्ख देखण्या झाडाचा, ज्याला आपण कुठे आणि का उभे आहोत याचा पत्ता नव्हता.

"हे घर आमचं नाही," ती म्हणाली. गरजेपेक्षा फार मोठ्याने. "झाड आठवड्यापूर्वी लावलंय. माझ्या भावानं. इथं तुती होती. ही काकूंची जागा आहे. आमचं घर नाही हे, आमचं घर—"

"गप्प बस," आई म्हणाली.

धाकट्याने डोळे मिटून घेतले होते. ताई वळली.

"आई, खोटं कसं—"

"गप्प बस म्हटलं ना!" आई खुर्चीतून उठली होती. खुर्चीच्या हातावर एक हात, गुडघे थरथरत, पण उभी. "एकानं माझ्या नावानं खोटं लावलं. दुसरी माझ्या नावानं खरं बोलली. मला विचारलं कुणी? मी काय कुंडी आहे? इकडून उचलली, तिकडे ठेवली, सावलीत बरी दिसते का उन्हात?"

"मग तू काय म्हणणार होतीस?" धाकटा पुटपुटला.

"तेच. तेच म्हणणार होते मी. पण मी म्हणणार होते!" तिने खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "एवढी वर्षं मला कुणी काही विचारलं नाही. उठा म्हणाले, उठले. या खोलीत राहा म्हणाले, राहिले. आज एक बाई मला विचारायला आली होती, हे झाड तुझं का. बोलले असते ना मी. तेवढं एक वाक्य होतं माझं. तेही हिनं खाल्लं."

 काकूंनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"उचल ते," आई धाकट्याला म्हणाली.

"आता?"

"मग काय, फळं आल्यावर?"

धाकट्याने टेम्पोतून फावडं आणलं. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या. झाड आठवड्यापूर्वीच लावलेलं, मुळं अजून धरलेली नव्हती, माती भुसभुशीत. तरी त्याला वेळ लागला, कारण तो अजूनही मुळं जपत खणत होता. झाड बाहेर आलं तेव्हा खड्ड्याच्या भिंतीत जागोजागी तुटलेली मुळं दिसली, बोटभर जाडीची, गाजरासारखी नारिंगी. डाळिंबाची मुळं अशी नसतात. असली मुळं तुतीची.

मॅडमनी खाली बघून मान हलवली. काकूंची जागा ठरली.

काकू खड्ड्याच्या कडेला बसल्या, हात आत घालून एक मूळ त्यांनी तोडून घेतलं आणि कपड्याची वीण तपासावी तसं उलटसुलट बघितलं. ताईला वाटलं, आता या रडतील.

"लाकूड कुठे टाकलंस रे तुतीचं?" काकूंनी विचारलं.

"नर्सरीत आहे. पडलंय."

"संध्याकाळपर्यंत इथे आणून टाक. एक ढलपी कमी भरली तर तुझ्या शर्टाला काजं करीन. अंगावर असतानाच."

आईला हसू आलं, ते तिने गिळलं. मग ती मॅडमकडे वळली.

"हिचं झालं. आता माझं."

ताई पुढे झाली. एवढे दिवस न सांगितलेलं आता सगळ्यांसमोर सांगायचं होतं. "आई, ऐक. आपलं घर जिथे होतं ना, तिथे आता..."

"मला दिसतंय."

"नाही, म्हणजे तिथे खाण—"

"माझ्या खिडकीतून टेकडी दिसते," आई म्हणाली. "गुडघे गेलेत, डोळे नाही. आधी वरचा कडा गेला. मग अंजीर. मग एकदा दोन दिवस नुसती धूळ होती, आणि धूळ बसली तेव्हा आपली सपाटी नव्हती. मला वाटलं, तुम्हाला माहीत नसेल. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही."

ताई आणि धाकट्याने एकमेकांकडे पाहिलं. जिन्यानंतर पहिल्यांदाच.

*

खाणीच्या कडेपर्यंत खुर्ची टेम्पोतून नेली. वर वारा होता. समोर जमीन एकदम संपत होती, आणि पलीकडच्या भिंतीपाशी, खूप खाली, मशीनं दगड फोडत होती.

आईने हात लांब केला आणि कड्याच्या पुढे, मोकळ्या हवेत बोट दाखवलं.

"तिथं."

मॅडमनी पाहिलं. त्या बोटाच्या टोकाला काही नव्हतं. थोडं खालून एक घार गेली.

"आज्जी," त्या म्हणाल्या, "तिथे जागा देता येत नाही हो. मी वर विचारलं होतं. खरंच विचारलं होतं."

"जागा मागितली का मी?"

"मग?"

"सगळ्यांची घरं मोजलीत ना? माझंही मोजा."

 मॅडम ताईला म्हणाल्या, "लावा यंत्र."

ताईने तिपाई उघडली. दगडात तिचे पाय बसेनात, तिने ते टाचेने ठोकून बसवले. दोन ठिकाणांहून कोन घेतले तर हवेतली जागाही मोजता येते. यंत्राला तिथे जमीन असण्याशी काही घेणंदेणं नसतं. मोजणीची दांडी धरायला धाकटा पुढे आला. ती टेकवायची कुठे हे त्याला कळेना, म्हणून त्याने ती छातीशी उभी धरली आणि कडेला तसाच उभा राहिला.

"कुठे, आई?" ताईने विचारलं.

"डावीकडे. आणखी. वर घे थोडं."

"इथे?"

"तिथे दोरीवर कपडे असायचे. अलीकडे ये. हं. आता दार."

ताईने भिंगातून पाहिलं. पलीकडच्या भिंतीतला निळा दगड, त्याच्यापुढे उडणारी धूळ. ती वाचू लागली. प्रत्येक आकडा तिने ओरडून सांगितला, मॅडम हाताच्या अंतरावर होत्या तरी ओरडून, खालच्या मशीनवाल्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. एका मशीनवाल्याने मान वर करून पाहिलं. त्याला कड्यावर एक बाई ओरडताना दिसली असेल, शेजारी खुर्चीत एक म्हातारी, आणि एक माणूस काठी धरून उभा.

"आता स्वयंपाकघर," आई म्हणाली. "दोन पायऱ्या खाली होतं ते. सावकाश ने."

ताईने यंत्र सावकाश खाली नेलं.

"मोरी."

"झाली."

"अंजीर. नाही, त्याच्याही मागे. बाहेर. हं, तिथे."

दुपारी आईला खुर्चीसकट पुन्हा तिसऱ्या मजल्यावर नेलं. जिन्याच्या वळणावर खुर्ची भिंतीला घासली नाही. डाळिंबवाल्यांना टेकडीवर जागा मिळाली नाही, त्या वर्षी नाही आणि नंतरही नाही.

ज्या तोफांच्या सरावासाठी टेकडी रिकामी केली होती, तो सराव तिथे एकदाही झाला नव्हता.